पोरबंदरचे पंडित

एखाद्या कामात गढून गेलेल्या माणसाची ‘समाधी लागली’ असे आपण सहज म्हणतो. या बोलण्यामागे शास्त्र आहे. चित्त एका ठिकाणी बांधणे ही धारणा, त्या विषयाचा अखंड प्रवाह हे ध्यान, आणि विषयाखेरीज स्वतःचेही भान न उरणे ही समाधी. एकाच विषयावर या तिन्हींचा प्रयोग म्हणजे संयम. योगसूत्रांच्या विभूतिपादात पतंजलीने तो ज्ञानाचे साधन म्हणून सांगितला आहे.

स्वामी विवेकानंदांच्या चरित्रात याचे प्रसिद्ध उदाहरण येते. १८९१ साली जयपूरला एका पंडिताने पाणिनीच्या पहिल्याच सूत्रावरील भाष्य त्यांना तीन दिवस समजावले, पण ते उमगेना. मग एकांतात बसून त्यांनी ते तीन तासांत आत्मसात केले. ही कथा मुलांना आवर्जून ऐकविली जाते. परीक्षा जवळ आली की अंमळ अधिकच! मला मात्र स्वामीजींचा नंतरचा पोरबंदरचा मुक्काम अधिक मोलाचा वाटतो. महाभाष्याचे अध्ययन त्यांनी तेथे पूर्ण केले. (महाभाष्यकार आणि योगसूत्रकार पतंजली एकच, असे परंपरा मानते, बहुतेक आधुनिक अभ्यासक तसे मानत नाहीत.)

त्यांचे यजमान होते संस्थानचे प्रशासक शंकर पांडुरंग पंडित. मूळचे सावंतवाडीकडचे हे गृहस्थ मुंबई सरकारच्या नोकरीतले. इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ पासून निघालेली तुकारामांची गाथा त्यांच्याच देखरेखीखाली सिद्ध झाली होती. पोरबंदरचा कारभार सांभाळून ते सायणभाष्यासह अथर्ववेदाचे संपादन करीत होते. हस्तलिखिते ताडून पाहणे तर आलेच. परंतु ज्यांना संहिता मुखोद्गत होती अशा वैदिकांकडून ती म्हणवून घेऊन त्यांचे पाठही पंडितांनी हस्तलिखितांच्या बरोबरीने नोंदविले. अडलेल्या जागी या तरुण संन्याशाचेही साहाय्य घेतले. अभ्यास दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने झाला तरच दृढ होतो, ही योगसूत्रांची अट. एकाग्रता ही केवळ संन्याशाची मिरास मानणाऱ्यांनी, ती अट पाळणारा हा संसारी, सरकारी माणूस अवश्य पाहावा.

पंडित १८९४ साली निवर्तले. अथर्ववेदाचे चार खंड १८९५ ते १८९८ या काळात मुंबईस प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कमधील व्याख्यानांतून सिद्ध झालेला विवेकानंदांचा ‘राजयोग’ हा ग्रंथ, योगसूत्रांच्या विवरणासह, याच सुमारास, १८९६ साली बाहेर पडला.