शीडनौकेच्या केबिनमधील बुरशी

शीडनौकेच्या डेकखालील निवासी भागाला केबिन म्हणतात. तेथे दमट हवा कोंडून राहिल्यास गाद्या, लाकूडकाम, छताचे अस्तर, कपडे आणि सामानाचे कप्पे यांवर बुरशी वाढते. काळे, हिरवट किंवा पांढुरके डाग आणि कुबट वास ही तिची लक्षणे होत. क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस व पेनिसिलियम या प्रजाती अशा जागी नेहमी आढळतात. त्यांचे बीजाणू हवेत सदैव असल्यामुळे त्यांना नौकेत येण्यापासून रोखता येत नाही. म्हणून नियंत्रणाचा सारा भर ओलाव्यावर असतो.

ओलाव्याची कारणे

गळती नसलेली नौकाही आतून ओली होऊ शकते. दोन माणसे रात्रभर केबिनमध्ये झोपली, तर त्यांच्या श्वासातून व घामातून सुमारे अर्धा लिटर पाणी हवेत मिसळते. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेतील बाष्प १२ अंशांच्या पृष्ठभागावर दवासारखे जमू लागते. थंड समुद्रात फायबरग्लासचे एकपदरी कवच याहूनही गार असू शकते. त्यामुळे कवचाला टेकलेल्या गादीची मागची बाजू प्रथम बुरसटते, आणि ती सहसा कोणी उलटून पाहत नाही.

घरांमध्ये न आढळणारे एक कारण म्हणजे मीठ. समुद्राच्या पाण्याने भिजलेले कापड उन्हात कोरडे झाल्यासारखे वाटते, परंतु त्यात उरलेले क्षार हवेतील बाष्प ओढून घेतात व ते पुन्हा ओलसर होते. असे कापड गोड्या पाण्यात धुतल्याशिवाय खऱ्या अर्थाने वाळत नाही.

निर्मूलन

मृत बुरशीमुळेही ॲलर्जी व दम्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून केवळ औषध फवारणे पुरेसे नसते. बुरशी पुसून व घासून काढावी लागते. काम करताना एन-९५ मुखपट्टी, हातमोजे व डोळ्यांवर बंद चष्मा वापरतात आणि केबिनची झाकणे उघडी ठेवतात. कोरडी बुरशी ब्रशने झाडल्यास बीजाणू सर्वत्र उडतात, म्हणून ती आधी ओली करतात. फायबरग्लास व रंगवलेले पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने स्वच्छ होतात. हट्टी डागांसाठी पांढरे व्हिनेगर किंवा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरले जाते. क्लोरीनयुक्त ब्लीच लोकप्रिय असले, तरी नौकेवर ते फारसे योग्य नाही. ते लाकडाच्या अंतर्भागात पोहोचत नाही, शिलाईचा दोरा कमकुवत करते आणि धातूचे भाग गंजवते. ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा अमोनियायुक्त द्रावणात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निर्माण होतो. फोमच्या आत बुरशी शिरली असल्यास गादी टाकून देणेच इष्ट.

प्रतिबंध

केबिनमधील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवणे हे उद्दिष्ट मानले जाते. त्यासाठी गादीखाली लाकडी पट्ट्यांची चौकट बसवून हवेला वाट देतात, कवचाला आतून उष्णतारोधक थर लावतात, कप्प्यांची दारे उघडी ठेवतात आणि तळात साचलेले पाणी उपसतात. पाऊस किंवा लाट आत न येता हवा खेळती राहावी यासाठी डोरेड झरोका वापरला जातो. ओलिन स्टीफन्स यांनी आरेखित केलेल्या व १९३० मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘डोरेड’ या नौकेवरून त्याला हे नाव पडले. त्यातील पेटीत हवा घेणारी नळी आणि केबिनमध्ये उतरणारी नळी एका रेषेत नसतात. आत आलेले पाणी पेटीच्या तळाच्या छिद्रांतून डेकवर वाहून जाते.

हवामानानुसार फरक

युरोप व उत्तर अमेरिकेतील हिवाळ्यात खेळती हवा व सौम्य ऊब यांवर भर दिला जातो, आणि त्यामागे भौतिक कारण आहे. ५ अंशांची पूर्ण संपृक्त हवाही २० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ४० टक्क्यांवर येते. मोसमी पावसाच्या प्रदेशात हा उपाय जसाच्या तसा लागू पडत नाही. मुंबईत जुलैमध्ये बाहेरचीच आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या पुढे असते. अशा वेळी झरोके उघडून केबिन सुकत नाही. वीज उपलब्ध असल्यास झाकणे बंद करून डिह्युमिडिफायर चालवणे अधिक परिणामकारक ठरते. कॅल्शियम क्लोराइडचे डबे लहान कप्प्यांत उपयोगी पडतात, मात्र त्यात जमणारे खारट द्रव सांडल्यास धातू गंजतो.

मुंबई बंदरातील शीडनौकांचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मे असा असतो. पावसाळ्यात अनेक नौका किनाऱ्यावर घेतल्या जातात; कोकणातील मच्छीमारही आपल्या होड्या ओढून शाकारतात. केबिन असलेल्या नौकेवर ताडपत्री घालताना ती डेकला चिकटू न देता उंचावर ताणावी लागते, अन्यथा तिच्याखालीच दमट हवा कोंडते. वीज नसल्यास गाद्या, शिडे, पडदे व पुस्तके जमिनीवरील कोरड्या जागी हलवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे.