सुट्या भागांची मोटार

लोटस या ब्रिटिश मोटार कंपनीच्या गाड्या क्रमाने मांडायला गेलो, तर सातव्या क्रमांकापाशी गणित चुकते. सहावी गाडी १९५२ची, आठवी १९५४ची, ‘इलेव्हन’ १९५६ची. आणि ‘सेव्हन’ मात्र या सगळ्यांच्या मागून, १९५७ साली आली. मधला रिकामा राहिलेला आकडा कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी नंतर वापरून टाकला. दारे नाहीत, डिकी म्हणावी अशी जागा नाही, दोन माणसे जेमतेम मावतात आणि वजन पाचशे किलोच्या आसपास: असली ही गाडी १९७३पर्यंत सुमारे अडीच हजार नग एवढीच बनली. पण या अडीच हजारांपैकी एखादी समोर आली, की ती नेमकी कोणत्या मालिकेतली, कोणत्या उपप्रकारातली आणि मुळात ती ‘खरी’ आहे का, यावर जाणकारांची चर्चा तासन्‌तास चालते. कंपनीचे दप्तर गबाळे होते म्हणून हा घोळ झाला, असे सहसा सांगितले जाते. ते अगदी खोटे नाही, पण कारण त्याहून खोल आहे. सेव्हन कारखान्यात पुरी होतच नव्हती. तिचा शेवटचा टप्पा घेणाऱ्याच्या घरी पार पडायचा, आणि त्यानंतरची प्रत्येक दुरुस्ती त्या टप्प्याचाच पुढचा भाग ठरायची. त्यामुळे या गाडीचा प्रकार ओळखणे आणि तिची देखभाल करणे ही दोन वेगळी कामे मानता येत नाहीत.

याचे मूळ यंत्रशास्त्रात नसून करपद्धतीत आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लागू झालेला खरेदीकर युद्धानंतरही राहिला, आणि तयार मोटारीवर त्याचा बोजा जबर होता. सुटे भाग विकत घेऊन गाडी स्वतः जोडली तर मात्र तो कर लागत नसे. पहिल्या मालिकेतली सेव्हन तयार घेतली तर करासह सुमारे १,०३६ पौंड पडत, सुट्या भागांत घेतली तर सुमारे ५३६. एवढा फरक असल्यावर पाना हातात धरायला कोण नाही म्हणेल? अट एवढीच, की जुळणी ग्राहकाने स्वतः करायची आणि विक्रेत्याने तिच्या सूचना द्यायच्या नाहीत. यावरचा तोडगा म्हणून गाडी ‘उकलावी कशी’ याच्या सूचना दिल्या जात आणि ग्राहक त्या उलट्या क्रमाने वाचत, अशी कथा या गाडीच्या चाहत्यांत नेहमी सांगितली जाते. तिच्यात तिखटमीठ किती ते सोडून देऊ. तिच्यामागची वस्तुस्थिती महत्त्वाची आहे: कायद्यानेच ग्राहकाला सहनिर्माता करून टाकले होते. लंडनच्या हॉर्न्सी भागात, चॅपमन यांच्या वडिलांच्या हॉटेलामागच्या तबेल्यात सुरू झालेल्या या लहानशा कंपनीलाही ते सोयीचेच होते. मजुरी वाचे, जागा वाचे, आणि इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल यांसारखे जड भाग दुसऱ्यांच्या स्वस्त गाड्यांतून उचलता येत.

उपप्रकारांची नावे या पार्श्वभूमीवर वाचली, की त्यांचा ठिसूळपणा दिसतो. पहिल्या मालिकेत फोर्डचे ११७२ सीसीचे साइडव्हॉल्व्ह इंजिन असलेली ती ‘सेव्हन एफ’, बीएमसीचे ९४८ सीसीचे इंजिन असलेली ‘सेव्हन ए’ आणि कॉव्हेन्ट्री क्लायमॅक्सचे १०९८ सीसीचे इंजिन असलेली ‘सुपर सेव्हन’. म्हणजे नाव इंजिनावरून. पण गाडीतला सगळ्यात सहज बदलला जाणारा अवयव कोणता, तर इंजिनच. शर्यतीच्या एखाद्या हंगामात जुने साइडव्हॉल्व्ह उतरवून त्याच्या जागी नवे फोर्ड चढवले, की ‘एफ’ नावाची गाडी त्या नावाची राहिली का? त्यात कंपनीने स्वतःच ‘सुपर सेव्हन’ हे नाव १९६१ साली पुन्हा वापरले आणि या वेळी ते कॉसवर्थने सुधारलेल्या १३४० सीसीच्या फोर्ड इंजिनाच्या गाडीला दिले. पाठोपाठ १४९८ सीसीचे इंजिन आल्यावर ‘सुपर सेव्हन १५००’ निघाली. ‘माझी सुपर सेव्हन आहे’ या वाक्याचे अर्थ असे तीन-तीन होतात. ‘पहिली मालिका’ हे नावही दुसरी आल्याशिवाय कोणी दिले नसते, हे उघडच आहे. गंमत म्हणजे सप्टेंबर १९५७मध्ये ब्रायटनच्या वेगचाचणीत एडवर्ड लुईस यांनी जी पहिली सेव्हन पळवली, तिला क्लायमॅक्स इंजिन आणि मागे द दियॉं पद्धतीचे सस्पेन्शन होते. विक्रीला आलेल्या गाड्यांना मागे साधा सलग ॲक्सल. म्हणजे घराण्याचा मूळ पुरुषच वंशावळीतल्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

नावावर विसंबता येत नसेल, तर मग पाहायचे काय? जाणता मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली शिरतो. पहिल्या मालिकेचा मागचा ॲक्सल नॅश मेट्रोपॉलिटन या छोट्या गाडीचा. तो समांतर दांड्यांनी आणि एका तिरक्या दांड्याने जागेवर धरलेला. १९६०ची दुसरी मालिका स्वस्त करायची होती, म्हणून सांगाड्यातल्या काही नळ्या कमी केल्या, ॲल्युमिनियमचे नाक आणि मडगार्ड जाऊन फायबरग्लासचे आले, पंधरा इंची चाकांच्या जागी तेरा इंची आली, आणि ॲक्सल स्टँडर्ड कंपनीच्या ‘कम्पॅनियन’ गाडीचा बसला. तो धरायला इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची चौकट वापरली होती. त्या ‘ए’चे टोक डिफ्रन्शियलच्या घराला खालून बोल्टने जोडलेले असे. ब्रेक दाबला, ॲक्सिलरेटर सोडला, वळण घेतले, की सगळा ताण त्या एका सांध्यावर येई. ते घर साध्या संसारी गाडीसाठी ओतलेले. असल्या ओढाताणीची त्याला सवय नव्हती. ते किंचित लवे, सांध्यातून ऑइल पाझरे, आणि तेच ऑइल खालच्या रबरी बुशमध्ये मुरून ते फुगवी. बुश सैल झाले की चौकट खडखडे, ताण वाढे, गळतीही वाढे. म्हणून अनेकांनी त्या घराला जाड पत्र्याची पट्टी वेल्ड करून घेतली. आज एखाद्या ॲक्सलवर अशी जुनी, ऑइलने काळवंडलेली पट्टी दिसली, तर ती ‘मूळ नाही’ म्हणून नाक मुरडण्याआधी ती काय सांगते ते ऐकावे. ही गाडी दुसऱ्या मालिकेची आहे, ती त्या काळी जोरात चालवली गेली, आणि हा सांधा दुखतो हे माहीत असलेल्या हाताखालून ती गेली आहे, एवढे सगळे ती पट्टी सांगते. हे कुठल्याही पाटीवर कोरलेले नसते.

सांगाड्याचेही तेच. एक इंची आणि पाऊण इंची पोलादी नळ्यांच्या जाळीवर ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट ठोकून बसवलेला असतो, आणि हा पत्रा केवळ झाकण नसतो. जाळी पिळवटू नये म्हणून तोही भार उचलतो. पोलाद आणि ॲल्युमिनियम चिकटून असले आणि मध्ये पाणी साचले, की पत्र्यावर पांढरी भुकटी येते आणि नळी गंजत जाते. ती तपासायची तर रिव्हेट ड्रिलने काढावेच लागतात. इथे देखभाल करणाऱ्यापुढे खरा पेच उभा राहतो. रिव्हेटच्या रांगेतले अंतर, भोकांच्या जुन्या जागा, नळीच्या सांध्यावरचे वेल्डिंग हाच प्रकार ओळखण्याचा सगळ्यात बोलका पुरावा, आणि दुरुस्ती करायची तर आधी तोच पुसावा लागतो. दुसऱ्या मालिकेत कमी केलेल्या नळ्या पुढे तडे जाऊ लागल्यावर अनेकांनी नव्याने घातल्या. त्या आता कापून काढल्या तर गाडी कारखान्याच्या नकाशाशी जुळेल, पण तिचा साठ वर्षांचा जबाब फाडून टाकल्यासारखे होईल. म्हणून जुन्या गाडीचा पत्रा उचकटण्याआधी फोटो काढणे, मापे घेणे, काढलेला भाग खूणचिठ्ठी लावून ठेवणे हा दुरुस्तीचाच भाग समजला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. एवढा खटाटोप कशाला? चासी नंबर आहे, नोंदणीपुस्तक आहे, चाहत्यांच्या मंडळांनी जपलेल्या नोंदी आहेत. त्या पाहाव्यात आणि मोकळे व्हावे. या नोंदींची किंमत मी कमी करत नाही. त्यांच्याशिवाय निम्म्या गाड्यांचा माग लागला नसता. पण नंबरपट्टी हा चार रिव्हेटांनी बसवलेला पत्र्याचा तुकडा आहे, आणि जो सांगाड्याची दुरुस्ती करतो त्याला तो तुकडा काढून दुसरीकडे लावायला दहा मिनिटेही लागत नाहीत. नोंदणीची तारीखही फसवी असते. भाग आले एका वर्षी, जुळणी रखडत संपली दुसऱ्या वर्षी, आणि नोंदणीत लागते ती दुसऱ्या वर्षाची तारीख. याहून बोधक आहे तो ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने अनेक वर्षे वापरलेला गुणांचा तक्ता. पुन्हा बांधलेल्या गाडीने जुना नंबर राखायचा तर किमान आठ गुण लागत. त्यात चासीला पाच, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला फक्त एक. ज्या इंजिनावरून कंपनीने गाडीचे बारसे केले, त्याला सरकारने सगळ्यात कमी भाव दिला. आणि चासीचे पाच गुण मूळ चासीला मिळत तसेच त्याच नमुन्याच्या, कारखान्यातून आलेल्या कोऱ्या चासीलाही मिळत. म्हणजे कायद्यानेही ओळख एका धातूच्या तुकड्यात न शोधता अवयवांच्या सातत्यात शोधली.

सातत्याचा हा प्रश्न १९७३नंतर आणखी ताणला गेला. १९६८च्या तिसऱ्या मालिकेला फोर्ड एस्कॉर्टचा ॲक्सल आला. तिचे साडेतीनशेच्या आसपास नग बनले. १९७०ची चौथी मालिका मात्र फायबरग्लासच्या नव्या अंगाची, समुद्रकिनारी हिंडायच्या बगीसारखी दिसणारी. ती ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. मग १ एप्रिल १९७३ला ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला, खरेदीकर गेला, आणि सुट्या भागांच्या गाडीचा जुना फायदा पुष्कळसा संपला. चॅपमन यांचे लक्ष तोवर महागड्या गाड्यांकडे वळले होतेच. सेव्हनचे हक्क सरे परगण्यातल्या केटरहॅम गावचे विक्रेते ग्रॅहॅम नर्न यांच्याकडे गेले. त्यांनी थोडा काळ चौथी मालिका बनवली आणि १९७४पासून तिसरीच पुन्हा सुरू केली. तिसऱ्या मालिकेची लोटस आणि तिच्याच नमुन्याची १९७४ची केटरहॅम शेजारी उभ्या केल्या, तर अनोळखी माणसाला त्या जुळ्या वाटतील. आणि नाकावरचे बोधचिन्ह दोन स्क्रूंनी बदलता येते. इथे लोटसचे निष्ठावंत म्हणतात, नाव तुटले तिथे वंश तुटला. केटरहॅमचे चाहते म्हणतात, सांगाड्याचा नमुना चालू राहिला तर वंशही चालू. वर मांडलेला युक्तिवाद मान्य केला, तर दोघांनाही थोडी माघार घ्यावी लागते: प्रकार एकच, पण निर्माता निराळा. तारीख आणि बोधचिन्ह यांची सरमिसळ करून एकीला दुसरी म्हणून विकणे ही मात्र लबाडीच.

दुसरा आक्षेप इथूनच उठतो, आणि तो जास्त वजनदार आहे. दुरुस्तीलाच ओळखीचा भाग मानले, तर कोणीही चार जुन्या नळ्यांभोवती नवी गाडी उभारील आणि ‘हाही इतिहासच’ म्हणेल. मग अस्सल आणि नक्कल यांत फरक तो काय उरला? जुन्या गाड्यांना आता चांगला भाव येतो, तेव्हा ही भीती पोकळ नाही. पण नीट पाहिले तर दुरुस्तीची साक्ष मागणारी कसोटी पाटीच्या कसोटीहून कडक आहे. पाटी एका जागी खोटी केली की काम भागते. साठ वर्षांची देखभाल खोटी करायची, तर ॲक्सलवरची पट्टी, तिच्यावरचा ऑइलचा थर, बुजवलेली रिव्हेटची भोके, रंगाखालचे रंग आणि पावत्यांच्या तारखा या सगळ्यांनी एकमेकांशी जुळणारी गोष्ट सांगावी लागते. बनावट गाडी बहुधा पकडली जाते ती अतिशुद्धतेमुळे: तिच्यात कोणाचीच चूक नसते, कोणाचीच काटकसर नसते, अंगणात पाना घेऊन बसलेल्या पहिल्या मालकाचे एकही वाकडे भोक नसते.

भाग आणि वस्तू यांच्या नात्याचा हा प्रश्न जुनाच आहे. ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की तू रथातून आलास, तर रथ म्हणजे त्याचा कणा का, चाके का, जू का? एकेका भागाला राजा नाही म्हणत जातो, आणि शेवटी मान्य करतो की या सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ हे नाव देतो. सेव्हनच्या बाबतीत हे तत्त्वज्ञान न राहता रोजच्या कामाचा नियम बनते, कारण ही गाडी जन्मतःच जुळणी म्हणून विकली गेली. म्हणून तिच्यापुढे उभे राहून ‘ही मुळात कोणती होती?’ एवढेच विचारणे अपुरे आहे. कोणी, केव्हा, कशासाठी तिला जोडले आणि पुन्हा जोडले, हेही विचारावे लागते. आणि आज जो तिचे बुश बदलतो आहे, त्याने काढलेले जुने बुश फेकण्याआधी त्याची नोंद करावी लागते, कारण वीस वर्षांनी गाडीखाली शिरणाऱ्याला वाचायला तीच ओळ लागणार आहे.