हिंगण्याची वाट

आता सगळे ज्याला कर्वेनगर म्हणतात, ते माझ्या आजीच्या तोंडी शेवटपर्यंत हिंगणंच राहिलं. बालविधवा म्हणून ती तिथल्या आश्रमात आली, शिकली, मास्तरीण झाली. पुढं स्वतःच्या मर्जीनं पुनर्विवाह करून आमच्या घरात आली. मी गणित शिकवायला लागले, तेव्हा तिला झालेला आनंद माझ्यापुरता नव्हता. अण्णाही गणितच शिकवायचे ना!

अण्णा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुण्यात 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, पण शहरात प्लेग आणि लोकांच्या नजरा, दोन्हींचा त्रास. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याची सहा एकर जागा दिली. तिथं 1900 साली सुमारे 500 रुपयांत एक झोपडी उभी राहिली. फर्ग्युसनमधले तास आटोपले की अण्णा संध्याकाळी पायी निघायचे. चार मैलांची वाट. पावसाळ्यात ती वाट कसली, नुसता चिखल. खांद्यावर आश्रमाचं सामान. रात्री तिथंच मुक्काम करायचा, मुलींना शिकवायचं, आणि सकाळी परत कॉलेजात हजर.

ही गोष्ट आजी रंगवून सांगायची. एकदा मी मध्येच विचारलं, "मग रात्री घरी कोण असायचं गं?"

आजी तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, "बाया," म्हणाली, आणि पुन्हा सूप उचललं.

त्या एका शब्दावर मी पुढं बरीच वर्षं वाचत राहिले.

अण्णांचा पहिला संसार राधाबाईंशी झाला. मुंबईत शिकवण्या आणि शाळांमधल्या नोकऱ्या करून ते घर चालवत. राधाबाईंना लिहावाचायला त्यांनीच शिकवलं. 1891 साली त्या गेल्या, मागं लहानगा रघुनाथ. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णा फर्ग्युसनला आले. टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर गणिताची जागा रिकामी होती. घरात आईविना पोर आणि हातात नवी नोकरी, अशा दिवसांत लोकांनी मुलगी सुचवायला सुरुवात केली. बिजवराला कुमारिकाच मिळायची, तोच रिवाज होता. अण्णांनी विधवेशीच लग्न करायचं ठरवलं.

त्यांचे मित्र नरहरपंत जोशी, देवरुखचे. त्यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. 11 मार्च 1893 ला लग्न झालं आणि गोदूबाईंची आनंदीबाई झाली. घरची माणसं तिला बाया म्हणत.

मुरूडकरांनी अण्णांना वाळीत टाकलं. ज्या गावासाठी त्यांनी मुरूड फंड उभा केला होता, तेच हे गाव. आईवडिलांच्या घरी राहायचं तर घरच्यांवरही बहिष्कार येणार, म्हणून स्वतःच्या गावात त्यांना घराबाहेर राहावं लागलं. मला यात अण्णांपेक्षा त्यांच्या आईचं फार वाटतं. लेक दारापर्यंत यायचा आणि तिला त्याला जेवायला वाढता यायचं नाही.

बायांनी रघुनाथला वाढवलं, पुढं शंकर, दिनकर, भास्कर झाले. मुलं लहान आणि नवरा चार मैलांवर. पैसा आला की आश्रमाकडे जायचा. आश्रम काढताना अण्णांनी स्वतःच्या शिलकीतले 1000 रुपये घातले होतेच. पुढं आयुष्याचा विमाही आश्रमाला देऊन टाकला. तो विमा म्हणजे बायांच्या आणि मुलांच्या उद्याची एकुलती एक तरतूद. त्या रडल्या. पण अण्णांचं ठरलं होतं.

इथं मी अण्णांचा कैवार घेणार नाही. त्यांच्याविषयीचा माझा आदर यानं कमीही होत नाही. मात्र अण्णांनी 1916 साली काढलेल्या महिला विद्यापीठाचा इतिहास लिहिताना विठ्ठलदास ठाकरसींच्या 15 लाखांची नोंद होते, तशी या विम्याचीही व्हायला हवी. ती देणगी बायांची होती.

बाया नुसत्या सोसत बसल्या नाहीत. सुईणपणाचं शिक्षण घेतलं, आश्रमासाठी वर्गणी मागितली. म्हातारपणी 'माझे पुराण' लिहिलं. 1944 साली ते छापून आलं. त्यात नवऱ्यावर माया आहे आणि तक्रारही आहे, एकाच वाक्यात दोन्ही. आजीकडे त्याची प्रत होती. कव्हर निघालेलं, वर्तमानपत्राचा कागद घातलेला, त्यावर तेलाचं बोट उमटलेलं. स्वयंपाकघरातच वाचायची ती.

1958 साली अण्णांना भारतरत्न मिळालं, त्यांनी शंभरी पुरी केली. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर सोहळा झाला, नेहरू आले. बाया 1950 मध्येच गेल्या होत्या. आजीनं पेपरातला अण्णांचा फोटो कापून ठेवला. "शेजारची खुर्ची रिकामी वाटते गं," एवढंच बोलली.

दिवाळीच्या आधी हिंगण्याच्या संस्थेचे कार्यकर्ते भाऊबीज निधी गोळा करायला दारोदार येतात. बहिणीच्या शिक्षणासाठी भावानं घातलेली ओवाळणी. आमच्या घरी हे काम आजीनं कुणाला करू दिलं नाही. कार्यकर्ता पावतीपुस्तक उघडून "नाव?" म्हणायचा. आजी पदरानं हात पुसून, कार्बन नीट बसलाय का बघून, सावकाश सांगायची, "आनंदीबाई कर्वे यांच्या स्मरणार्थ, लिहा."

एका वर्षी एका तरुण मुलानं घाईत 'अण्णासाहेब कर्वे' लिहिलं. आजीनं पावती परत केली आणि दुसरी फाडायला लावली.

आता मी सांगते. परवा आलेल्या मुलीनं विचारलं, "आजी, या कोण हो?" मी तिला आत बोलावलं, चहा ठेवला.