हापूस आंबा : हंगामअखेरची काढणी व पीकसंरक्षण

कोकणातील हापूसच्या बागांत एप्रिलच्या मध्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, चालणारी फळकाढणी आणि त्या काळात साका, फळमाशी, करपा व देठकूज यांपासून फळ वाचवण्यासाठी करावयाची कामे. मोहोराच्या काळात तुडतुडे, फुलकिडे आणि भुरी यांवर फवारणीचा मोठा भर असतो. फळ तयार होऊ लागल्यावर मात्र कीटकनाशकाचे अवशेष फळावर राहण्याची भीती असल्याने फवारणीला मर्यादा येतात. या टप्प्यात सापळे, बागेची स्वच्छता आणि वेळेवर काढणी हीच मुख्य साधने उरतात.

हंगामाची घडण : हापूसचे फळ फळधारणेपासून साधारण ११० ते १२० दिवसांत तयार होते. मोहोर दोन-तीन टप्प्यांत आला, तर एकाच झाडावर कैरी, तयार फळ आणि पाडाचा आंबा एकत्र दिसतो. त्यामुळे सगळे झाड एकदम उतरवता येत नाही. तयार फळे निवडून, काही दिवसांच्या अंतराने काढणी करावी लागते. उशिराच्या मोहोराचे फळ मे महिन्यातील कडक उष्मा आणि वळवाचा पाऊस या दोहोंच्या तावडीत सापडते. शिवाय चक्रीवादळाचा धोका असतो. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळाने झाडावर उरलेल्या आंब्याचे मोठे नुकसान केले, तर ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील अनेक बागांची झाडेच उन्मळून पडली.

पक्वतेची ओळख : कोकणात फळाची तयारी आण्यांत मोजतात. सोळा आणे म्हणजे झाडावरच पूर्ण तयार झालेले फळ. बाजारासाठी ‘चौदा आणे’ फळ काढावे असा रिवाज आहे. शास्त्रीय शिफारशीतील सुमारे ८५ टक्के पक्वतेशी तो जुळतो. अशा फळाचे खांदे देठाच्या वर उचललेले असतात, देठाजवळ किंचित खळगा पडतो, सालीचा गर्द हिरवा रंग फिका होतो आणि कापून पाहिल्यास कोयीलगतचा गर पिवळसर दिसतो. तयार फळ पाण्यात बुडते, कोवळे तरंगते. झाडावरून पिकलेला एखादा आंबा गळून पडला, म्हणजे ‘पाड लागला’, की त्या झाडाची काढणी जवळ आली असे बागायतदार मानतात. उरलेल्या दोन आण्यांची वाट पाहिल्यास गोडी व रंग वाढतो, पण साका, फळमाशी आणि पाऊस या तिन्हींना तेवढीच संधी मिळते. उलट बारा आण्यांचे फळ आढीत सुरकुतते आणि आंबट राहते. म्हणून काढणीची तारीख हाही पीकसंरक्षणाचाच निर्णय ठरतो.

साका : हा रोग नसून हापूसमध्ये विशेषत्वाने आढळणारी शरीरक्रियात्मक विकृती आहे. फळ बाहेरून निर्दोष दिसते. कापल्यावर मात्र गराचा काही भाग पांढरट, स्पंजासारखा पोकळ आणि आंबट निघतो. जी. एस. चीमा व पी. जी. दाणी यांनी १९३० च्या दशकात, युरोपला पाठवलेल्या आंब्यांवरील अहवालात, तिची नोंद केली. तापलेल्या जमिनीतून वर येणारी उष्णता हे तिचे एक कारण मानले जाते. बंगळुरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेतील संशोधनानुसार फळ झाडावर असतानाच कोयीत अंकुरणाची पूर्वतयारी सुरू होते आणि तिचा परिणाम गरावर होतो. फळ झाडावर जितके जास्त थांबते तितका साका वाढतो. त्यामुळे चौदा आण्यांवर काढणी, झाडाखाली वाळलेल्या गवताचे आच्छादन आणि फळांना कागदी पिशव्या घालणे हे उपाय केले जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली ‘रत्ना’ (१९८१) ही जात साक्यापासून मुक्त आहे.

फळमाशी : बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस ही मुख्य जाती. मादी तयार होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या गर खातात, फळ सडून गळते आणि अळ्या मातीत शिरून कोषावस्थेत जातात. अळी फळाच्या आत असल्याने वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मिथाइल युजेनॉल या द्रव्याकडे नर माश्या ओढल्या जातात, हे एफ. एम. हाउलेट या कीटकशास्त्रज्ञाने बिहारमधील पुसा येथे काम करताना दाखवले (१९१५). त्याच तत्त्वावर दापोली विद्यापीठाने ‘रक्षक’ सापळा तयार केला असून तो हेक्टरी चार या प्रमाणात बांधण्याची शिफारस आहे. सापळ्यात फक्त नर अडकतात. म्हणून मीलनाआधीच नरांची संख्या खाली आणण्यासाठी तो काढणीच्या बराच आधी लावावा लागतो. गळलेली फळे रोज वेचून खोल खड्ड्यात पुरली नाहीत, तर मातीतून नवी पिढी निघत राहते आणि सापळ्याचा उपयोग कमी होतो.

करपा व देठकूज : करपा कोलेटोट्रायकम ग्लोइओस्पोरिऑइडिस या बुरशीमुळे होतो. कोवळ्या फळात शिरलेली बुरशी सुप्त राहते आणि फळ पिकताना काळे डाग बनून प्रकटते. देठकूज लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी या बुरशीमुळे देठापासून सुरू होते. पावसात भिजलेल्या फळांत दोन्हींचे प्रमाण वाढते. काढणीनंतर फळे सुमारे ५२° से. तापमानाच्या पाण्यात ५ ते १० मिनिटे बुडवल्यास बुरशीचा जोर ओसरतो.

काढणी व हाताळणी : फळे सकाळी दहापर्यंत किंवा दुपारी चारनंतर, झेल्याने, देठासह काढतात. देठ तुटल्यास चीक सालीवर ओघळून डाग पडतो आणि देठकुजीला वाट मिळते. काढलेली फळे लगेच सावलीत नेतात. आपटलेली, डागी व भिजलेली फळे वेगळी करतात. घरगुती आढी भाताच्या पेंढ्यात घालतात. व्यापारी प्रमाणावर इथिलीन वायूच्या खोल्या वापरतात. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास भारतात कायद्याने बंदी आहे.

निर्यात : आयात करणाऱ्या देशांचा मुख्य आक्षेप फळमाशी व कोयीतील भुंगा या किडींवर असतो. भारतीय आंब्यांत फळमाशी सापडल्याने युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आयात थांबवली आणि २०१५ च्या आरंभी ती पुन्हा खुली केली. या बाजारासाठी फळांवर ४८° से. पाण्यात ६० मिनिटांची प्रक्रिया करतात. जपानसाठी ४७.५° से. तापमानाची बाष्पप्रक्रिया लागते. अमेरिकेसाठी ४०० ग्रे मात्रेचे विकिरण करतात. २००७ मध्ये तिकडे गेलेल्या आंब्यांवर ते नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात झाले होते.

हंगामानंतर : शेवटची फळे उतरल्यावर झाडावरची रोगट, वाळलेली फळे व फांद्या काढून नष्ट करतात आणि झाडाखालची माती उकरून फळमाशीचे कोष उघडे पाडतात. पावसाच्या आरंभी भिरूड या खोडकिड्याचे भुंगेरे बाहेर पडतात, म्हणून खोडावरील छिद्रे आणि भुसा यांची पाहणी याच वेळी सुरू होते. वाढलेल्या झाडांची विरळणी केल्यास आतवर ऊन-वारा पोहोचतो आणि पुढच्या हंगामातील किडी व बुरशी यांना पोषक असा ओलावा कमी होतो.