१. माळावरचं कोल्हं

लेखकाने इथे गावबोलीप्रमाणे 'कोल्हं' म्हटले असले, तरी वर्णन खोकडाचे आहे. कोल्हा अंगाने बराच मोठा. खोकड जेमतेम दोन-तीन किलोंचे, मांजरापेक्षा थोडे थोराड. झुपकेदार शेपटीचे टोक काळे असणे ही त्याची पक्की खूण. राजस्थान-कच्छकडच्या वाळवंटी खोकडाचे टोक पांढरे असते, त्यामुळे मागील आवृत्तीतला 'वाळवंटी' हा शब्द काढला आहे. (मजकुरातला 'परभणी जिल्हा' मात्र तसाच ठेवला, कारण त्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो नंतर, १ मे १९९९ रोजी.) खोकड दाट रान टाळते, उघडे माळ-गायरान पसंत करते. बिळाला अनेक तोंडे ठेवते, म्हणजे एकीकडून कुत्रे आले की दुसरीकडून पसार. उंदीर, टोळ, वाळवी, सरडे, जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी, शिवाय बोरे असा त्याचा आहार. उंदरांचा फडशा पाडणाऱ्या या जनावराला शेतकऱ्याने वैरी मानावे, हे नवलच. नर-मादीची जोडी सहसा टिकून राहते. सुमारे पन्नास दिवसांच्या गर्भारपणानंतर, बहुधा फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान, मादी बिळात दोन ते चार पिल्ले देते. त्यांना वाढवायला नरही राबतो. म्हणून पुढच्या पानावरची 'बिळाशी बसलेली दोन कोल्ही' म्हणजे आईबाप समजावेत. — संपा.