तुंबा आणि ब्रेक

गाडी चालते कशी, याचा इतिहास पुष्कळांनीं सांगितला आहे. ती थांबते कशी, याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं. वस्तुतः चाकाचा मधला तुंबा आणि चाकास आवरणारा ब्रेक हीं जुळीं भावंडें होत. एक सुधारलें आणि दुसरें मागें राहिलें, तर अनर्थ ठरलेला. जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांत माळही आहे आणि सह्याद्रीचा उतारही आहे. तेव्हां हा विचार येथूनच आरंभूं.

नाणेघाटांत इ. स. पूर्वीच्या पहिल्या शतकांतील सातवाहनांचा प्रसिद्ध शिलालेख आहे. कोंकणच्या बंदरांचा माल याच घाटानें जुन्नरास येई. परंतु तो जनावरांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून. कातळांत खोदलेल्या त्या पायऱ्यांवर चाकाचा निभाव लागणें शक्य नव्हतें. घाटांत चाक आणावयाचें तर आधीं वळणें घेत जाणारी सडक हवी. मुंबई-पुण्याच्या वाटेवरील बोरघाटांत अशी गाडीसडक सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत, 1830 सालीं खुली झाली.

त्या काळची बैलगाडी आठवावी. मध्यें लांकडी तुंबा, त्यांत बसविलेले आरे, भोंवतीं लांकडी पाट्यांचें कडें आणि त्यावर तापवून चढविलेली लोखंडी धाव. तुंबा आंसावर घासत, करकरत फिरे. वंगण घालूनही ही घासण पुरती जात नसे. बैलांस हा जाच खराच. पण उतारावर तीच घासण थोडाबहुत ब्रेकही होई. ती अपुरी पडे तेथें गाडीमागें ओंडका बांधून ओढीत नेण्याची युक्ति होती.

मोटार आली आणि तुंब्याचें रूप पालटलें. त्यांत पोलादी बेअरिंगें बसलीं. हेन्री टिमकेन यानें उतरत्या रोळांच्या बेअरिंगचा हक्क 1898 सालीं मिळविला. त्यापूर्वींच, 1888 सालीं, डनलॉपनें हवेची धाव करून दिली होती. चाक असें मोकळें झालें, पण ब्रेक मागेंच रेंगाळला. 1908 ते 1927 पर्यंत निघालेल्या फोर्डच्या टी गाडीचा पायाचा ब्रेक चाकावर नसून गिअरच्या पेटींत असे, हातब्रेक मागच्या दोन चाकांपुरता. पुढचीं चाकें अगदीं मोकाट. आणि गति दुप्पट झाली कीं थांबविण्याचें काम चौपट होतें, हा निसर्गाचा हिशेब कोणासाठींही बदलत नाहीं.

पुढें चारी चाकांना ब्रेक आले. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हा पास्कालचा नियम आपण शाळेंत शिकतों. माल्कम लॉकहीड यानें तोच ब्रेकला लावला, आणि 1921 सालीं ड्युसेनबर्ग गाडीच्या चारी चाकांवर तेलाच्या दाबाचा ब्रेक आला. 1953 सालीं ल मां येथील शर्यत डिस्क ब्रेकच्या जॅग्वारनें जिंकली, तेव्हां ड्रमचे दिवस भरत आले हें उघड झालें.

आजही जुन्या जीपा आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतील जुन्या फियाट गाड्या हौसेनें जतन केल्या जातात. माळशेज घाट उतरतांना पाय सतत ब्रेकवर राहिला, तर ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड ढिली होते. तेल उकळलें तर पाय तळापर्यंत जातो आणि गाडी मात्र थांबत नाहीं. म्हणून कित्येक जण पुढें डिस्क बसवितात. परंतु नुसती तबकडी आणून भागत नाहीं. तिला धरणारा हब बदलावा लागतो. फिरता ड्रम ब्रेक-शूस स्वतःच ओढून घेतो, तशी मदत डिस्कला नसल्यानें दाब अधिक लागतो. म्हणून मास्टर सिलिंडरही जुळता हवा. पुढच्या-मागच्या ब्रेकांचा तोल बिघडला, तर ओल्या रस्त्यावर गाडी आडवी फिरते. आणि सर्व केलें तरी घाट खालच्या गिअरमध्येंच उतरावा.

आतां याच कथेची दुसरी बाजू. मोटारीचा हब आणि टायर उलट बैलगाडीस लागले, आणि टायरगाडी जन्मास आली. जुन्नरच्या विघ्नहर आणि पारगांवच्या भीमाशंकर या साखर कारखान्यांच्या मुलखांत ऊंस अशाही गाड्यांनीं वाहिला गेला. चाक हलकें झालें म्हणून ओझें वाढलें. लांकडी तुंब्याची घासण गेली, पण तिच्या जागीं पुष्कळ गाड्यांत ब्रेक आला नाहीं. उतारावर सारा भार जुवाकडे लोटतो आणि बैल मागें रेलून, खूर रोंवून तो अडवितो. टायरवर दाबणारा एक ठोकळा आणि गाडीवानाच्या हातीं येईल असा एक दांडा, एवढें गांवचा सुतार-लोहारही करून देईल. मोटार हांकणाऱ्याच्या पायाखालीं ब्रेक असतो. बैलापाशीं मानेवांचून दुसरें कांहीं नाहीं.