एम.ए. (मानसशास्त्र) व पीएच.डी.-प्रवेश : सोलापूर विद्यापीठक्षेत्र

पीएच.डी.-प्रवेशाच्या संदर्भात मानसशास्त्रातील एम.ए. अथवा एम.एस्सी. या पदवीचे कार्य मर्यादित आहे : अर्ज दाखल करून घेतला जावा एवढ्यापुरती ती सनद ठरते, परंतु पात्र अर्जदारांतून निवड करण्याची वेळ आली म्हणजे तिच्या गुणपत्रिकेस बहुधा स्वतंत्र मोल उरत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील उच्च शिक्षणाचा कारभार एकाच विद्यापीठाच्या अमलाखाली फार काळ राहिलेला नाही. १९४० साली दयानंद महाविद्यालय निघाले तेव्हा हा मुलूख मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत होता. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाकडे व १९६२ नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे तो गेला. आणि १ ऑगस्ट २००४ रोजी केवळ या एका जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेले सोलापूर विद्यापीठ अस्तित्वात आले, ज्याच्या नावात २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचा उल्लेख होतो. आजोबा, वडील आणि नात यांच्या पदव्यांवर तीन निरनिराळ्या विद्यापीठांच्या मुद्रा असाव्यात, हे येथे नवलाचे नाही. पीएच.डी.ची किमान पात्रता मात्र आता स्थानिक राहिलेली नसून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी ती सर्व देशासाठी ठरते.

२०१६ च्या विनियमांनुसार किमान ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी ही सर्वसाधारण अट होती. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या विनियमांनी तिच्या जोडीस दुसरे द्वार उघडले : चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास एम.ए.वाचूनही अर्ज करता येतो. मागासवर्गीय, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांस पाच टक्क्यांची सवलत आहे. हे द्वार दिसते तितके रुंद नाही. पंचाहत्तरच्या खाली राहिलेला चार वर्षांचा पदवीधर एक वर्षाची एम.ए. करतो आणि तीन वर्षांचा पदवीधर दोन वर्षांची करतो. म्हणजे दोघांचीही पाच वर्षे खर्ची पडतात व दोघांसही ५५ टक्क्यांचीच अट लागू होते. शिवाय महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत चार वर्षांचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून सुरू झाल्यामुळे तेथील पहिली तुकडी २०२८ च्या सुमारास बाहेर पडेल. तोवर सोलापूरच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीने एम.ए. हाच राजमार्ग आहे, आणि नंतरही तो ओस पडेल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

पात्रता सिद्ध झाल्यावरचा हिशेब निराळा आहे. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत, जिला विद्यार्थी ‘पेट’ म्हणतात, निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर व निम्मे विषयावर असतात; परीक्षेस ७० व मुलाखतीस ३० टक्के भार असतो. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्याची निवड मुलाखतीवर होते. या गणितात एम.ए.च्या ५६ टक्क्यांना आणि ८० टक्क्यांना सारखीच किंमत येते, ही गोष्ट पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्यांना अनेकदा जाचक वाटते. तथापि एम.ए.चा अप्रत्यक्ष लाभ थोडा नाही : सांख्यिकी, प्रयोग, मानसमापन आणि लघुप्रबंध यांच्याशी दोन वर्षे झुंजलेला उमेदवार मुलाखतीत आपल्या संशोधनाचा आराखडा ज्या निश्चयाने मांडतो, तो निश्चय केवळ पाठांतरातून येत नाही. अमेरिकेत उलट प्रथा आहे. तेथील अनेक विद्यापीठे मानसशास्त्राच्या डॉक्टरेटला पदवीधरासच थेट घेतात. मात्र आपल्याकडील तीन वर्षांची पदवी चार वर्षांच्या बरोबरीची न मानणाऱ्या ठिकाणी मराठी विद्यार्थ्याला एम.ए. ही उणीव भरून काढण्यास उपयोगी पडते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. पीएच.डी. मिळाल्याने कोणी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून रुग्णसेवेचा अधिकारी होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचे व्यावसायिक शिक्षण आणि नोंदणी लागते, एम.ए.नंतरचा दोन वर्षांचा एम.फिल. हा त्याचा रूढ मार्ग होता. २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. सर्वसाधारणपणे बंद केली, तरी चिकित्सा-मानसशास्त्रापुरती तिला पुढे मुदतवाढ द्यावी लागली. ज्यास रुग्ण पाहावयाचे आहेत त्याने पीएच.डी.च्या रांगेत उभे राहण्यापूर्वी याची खात्री करून घ्यावी.

अखेरचा अडसर गुणांचा नसून जागांचा असतो. एका वेळी प्राध्यापकास आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चार याहून अधिक संशोधक घेता येत नाहीत, आणि एका जिल्ह्याच्या विद्यापीठात एका विषयाचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक मोजकेच असावयाचे. म्हणून अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली मार्गदर्शकांची आणि रिक्त जागांची यादी उमेदवाराने अवश्य पाहावी.